रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि रक्तस्राव: हा 'मोठा' धरायचा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी वॉरफरिन, ॲपिक्सॅबॅन वगैरे घेणाऱ्या रुग्णांचे जुने केसपेपर चाळतेय. रक्तस्राव झाला असेल तर तो किती गंभीर, एवढा एकच रकाना भरायचाय आणि दोन दिवस तिथेच अडकलेय.

वॉरफरिनवरच्या एका आजींचा घोळणा फुटला. नाकात पॅक भरला, रात्रभर दाखल करून घेतलं, रक्ताची एक पिशवी चढवली. हिमोग्लोबिन ११.८ होतं, ते ९.९ झालं. आयएसटीएचच्या (रक्त गोठण्याच्या विषयातली आंतरराष्ट्रीय संस्था) २००५च्या व्याख्येप्रमाणे 'मोठा' म्हणायला ते २ ग्रॅमने तरी उतरायला हवं, नाहीतर दोन पिशव्या तरी लागायला हव्यात. इथे १.९ आणि एक. थोडक्यात हुकलं! म्हणून मधल्या पायरीवर ('मोठा' नाही, पण दखल घेण्याजोगा) टाकलं. पण बार्क ही दुसरी मोजपट्टी लावली तर रक्त चढवलं म्हणून थेट ३-अ, म्हणजे गंभीर गटात.

उलट दुसऱ्या केसमध्ये काकांच्या गुडघ्यात रक्त साकळलं होतं. हिमोग्लोबिन जागचं हललं नाही, काका स्वतःच्या पायांनी घरी गेले. तरी तो 'मोठा', कारण सांधा आयएसटीएचच्या नाजूक जागांच्या यादीत येतो. मेंदू, डोळा, मणका यांच्या पंगतीत गुडघा! मला हे पचत नाहीये. कोणती मोजपट्टी घेऊ?

प्रतिसाद:
ताई, आयएसटीएचच घ्या. बार्क २०११ साली आलं ते हृदयरोगाच्या, विशेषतः स्टेंटवाल्या रुग्णांच्या चाचण्यांसाठी. तुमचे रुग्ण त्यातले नाहीत. दोन्हींची खिचडी मात्र करू नका. मधल्या पायरीची नीट व्याख्या २०१५ची आहे, ती वाचा. डॉक्टरांना काही उपचार करावा लागला, दाखल करावं लागलं किंवा समोर बसवून तपासावं लागलं, तर ती पायरी. गुडघ्याचं म्हणाल तर व्याख्या जागा बघते, रुग्ण चालत गेला की स्ट्रेचरवर हे बघत नाही. सांध्यात साकळलेलं रक्त कूर्चा खातं.

आता आजींकडे या. ९.९ हा आकडा पिशवी चढवण्याआधीचा की नंतरचा? एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वर जातं. नंतरचा असेल तर खरा उतार २.९च्या आसपास. आणि पहिला नमुना रक्त वाहायला लागल्या लागल्या घेतलेला असेल, तर तो फसवा असतो. उतार दिसायला काही तास जातात. शक्यतो आजारपणाआधीचा आकडा शोधा. जो नियम ठरवाल तो आधी लिहून ठेवा आणि सगळ्यांना तोच लावा.

धागाकर्ती:
नर्सिंगची नोंद काढली. पिशवी संध्याकाळी ७ला लावलीय, नमुना रात्री १०:३०चा. म्हणजे नंतरचा. हे डोक्यातच आलं नव्हतं. आधी भरलेले ४१ केसपेपर परत काढलेत.