पेडलला लावायचा डबा: घाटात गाडी दीड सेकंद विचार करते, त्यावर बारा हजार घालावेत का?

गिरणाकाठचा
मंडळी, गाडी डिझेल एसयूव्ही, २०२१ ची, मॅन्युअल, जेमतेम ६२ हजार किलोमीटर चाललेली. मी चाळीसगावचा आणि सासुरवाडी कन्नडला, म्हणजे औट्रम घाट महिन्यातून तीन-चारदा ठरलेलाच. दुखणं एवढंच की वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू झाली आणि मग एक्सलेटर दाबला, तर गाडी आधी विचार करते. एक... दीड... आणि मग एकदम ओढते. मागच्या रविवारी एस.टी.च्या मागे चढत होतो. वळणानंतर थोडी जागा मिळाली, पाय दाबला, गाडी ढिम्म. मागून येणाऱ्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. बायको म्हणाली, "तुम्ही दाबलाय ना नक्की?"

नाशिकला एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, थ्रॉटल कंट्रोलर लावा, बारा हजार, पंधरा मिनिटांचं काम, "गाडी ओळखू येणार नाही." छोटा डबा आहे. पेडलच्या वर जो कनेक्टर असतो तो काढायचा आणि हा मध्ये घालायचा. डॅशवर बटण, त्यात इको, सिटी, स्पोर्ट वगैरे. कुणी लावलाय का? घाटात खरंच फरक पडतो का? वॉरंटी संपलीय, त्यामुळे ती भानगड नको.

धुळेकर_डिझेल
दोन वर्षांपासून लावलाय, आनंदात आहे. गाडी ऑटोमॅटिक. कंपनी जो पेडल देते त्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे नुसती ओळखपरेड असते. पाय अर्धा गेला तरी गाडी म्हणते, नमस्कार, आपण कोण? डबा लावल्यापासून लळिंगचा चढ असो की शिरपूरकडचा हायवे, पाय ठेवला की गाडी हलते. लाव आणि मोकळा हो.

फिटर_भुसावळ
थांब रे भाऊ, बारा हजार खिशातून काढण्याआधी हा डबा करतो काय ते ऐक.

आता पेडलला केबल नसते. पेडलच्या बुडाशी सेन्सर असतो, तो पाय किती खाली गेला ते व्होल्टेजमध्ये ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो. सेन्सर एक नाही, दोन असतात. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा ठेवलेला असतो, म्हणजे एक बिघडला तर दुसऱ्यावरून चोरी पकडता येते. हा डबा मध्ये बसतो आणि दोन्ही आकडे फुगवून पुढे पाठवतो. तू ४० टक्के दाबलास, तो सांगतो ६५. बस. एवढाच धंदा.

पूर्ण दाबलास तर? तेव्हा डब्याकडे फुगवायला काही उरतच नाही. १०० ते १००. इंजिनाची ताकद एका घोड्याने वाढत नाही. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, त्याला हवा भरायला जो वेळ लागतो तो तेवढाच लागतो. घाटातल्या वळणावर तुझं इंजिन असेल हजार-बाराशे आरपीएमला. तिथे टर्बो झोपलेला असतो. डिझेलमध्ये ताकद ठरते किती डिझेल फवारलं यावर, आणि हवा नसताना जास्त डिझेल फवारलं तर काळा धूर निघतो, म्हणून ईसीयू स्वतःच हात आखडतो. तू पायाने ओरड नाहीतर डब्याने ओरड, त्याला हवा दिसल्याशिवाय तो देणार नाही.

गिअर कमी कर. पहिला टाक.

धुळेकर_डिझेल
फिटर भाऊ, पुस्तकी बरोबर आहे. पण रोज पूर्ण पेडल कोण दाबतो? माझा पाय दिवसभर २० ते ५० मध्येच असतो, आणि तिथेच हा फरक करतो. शिवाय ऑटोमॅटिक गाडी गिअर कधी खाली टाकायचा हे पेडल बघूनच ठरवते. डब्याने आकडा फुगवला की ती लवकर खालचा गिअर घेते. मग आरपीएम वाढतो, टर्बो जागा होतो. म्हणजे ताकद नाही वाढली तरी ताकद लवकर मिळाली की नाही?

फिटर_भुसावळ
मिळाली. ऑटोमॅटिकमध्ये मिळते, मान्य. पण पाय दोन बोटं जास्त दाबला असतास तरी मिळाली असती, फुकट. आणि त्याची गाडी मॅन्युअल आहे, त्याचा गिअर डबा थोडाच टाकणार आहे?

साक्रीवाला
मन्ही गाडीबी तशीच शे. कोंडाईबारीना घाटमा दुसरा गिअरमा मरस. मी काय करस? पयला टाकस. फुकटमा व्हस.

रावेरी_घड
माझा अनुभव उलटा, म्हणून लिहितो. पिकअप आहे, केळीचे घड भरून बागेतून बाहेर काढतो. गेल्या हंगामात पुतण्याने हौसेने असाच डबा लावला. हायवेवर छान वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण बागेतला रस्ता म्हणजे पाटाच्या कडेची माती, त्यात पाणी सोडलं की दोन चाकोऱ्या खोल. गाडी हादरली की पाय हादरतो, पाय हादरला की डबा तेच दुप्पट करून सांगतो, गाडी पुढे उडी मारते, त्या उडीने पाय परत हादरतो. बैलाला टोचत राहिल्यासारखी गाडी चालली. मागे घडांना काळे डाग पडले, व्यापाऱ्याने भाव पाडला. तिसऱ्या दिवशी काढून टाकला. कंपनीने पेडलची सुरुवात मऊ ठेवलेली असते ती उगाच नाही.

धुळेकर_डिझेल
दादा, इको मोड असतो की त्यात. उलटा मऊ होतो, कंपनीपेक्षाही. बागेत इको टाकायचा.

रावेरी_घड
तिथे दोन्ही हात स्टिअरिंगला कमी पडतात हो, बटण कुठे शोधू.

तापीची_लेक
तुम्ही सगळे गाडी आपण एकटेच चालवतो असं धरून बोलताय. आमच्या घरी एक गाडी आणि चालवणारे तिघं. मी भुसावळ–जळगाव रोज, नवरा रविवारी, सासरे कधीमधी बँकेत. नवऱ्याने डबा बसवला आणि स्पोर्टवर ठेवून झोपला. सकाळी मी नेहमीसारखी निघाले. आकाशवाणी चौकात सिग्नल सुटला, समोर एक बाई स्कूटीवर, मागे पोरगं. मी क्लच सोडला, नेहमीएवढीच रेस दिली, आणि गाडी सुटली ना! ब्रेक मारला म्हणून वाचलो. स्कूटीच्या नंबरप्लेटपासून हातभर अंतर राहिलं असेल. ती बाई मागे वळून माझ्याकडे बघत होती ते मला अजून दिसतं.

घरी येऊन विचारलं तर हे म्हणतात, "सांगायचं राहिलं." डबा गाडीवर काही लिहीत नाही, बाहेरून दिसत नाही. बटण कुठे आहे ते ज्याने बसवलं त्यालाच माहीत. आता सासऱ्यांनी ती गाडी बाहेर काढली असती तर? वय ७१.

धुळेकर_डिझेल
ताई, हे वाईटच झालं. पण ही चूक डब्याची का नवऱ्याची?

तापीची_लेक
नवऱ्याची. पण नवरा काढून ठेवता येत नाही, डबा येतो.

साक्रीवाला
😂😂

पाटी_पिवळी
टॅक्सी चालवतो, म्हणून कायद्याचं सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ, पोटकलम ४ आहे. परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पासिंगला गेल्यावर कुणी वायरिंगमध्ये हात घातला तर? आम्ही पिवळ्या पाटीवाले ही जोखीम घेत नाही.

धुळेकर_डिझेल
बदलाचं मूळ कलम ५२ आहे, आणि ते बोलतं आरसीतल्या तपशिलाबद्दल. आरसीत काय असतं? इंधन, सीसी, सीट, रंग, वजन. पेडलच्या वायरबद्दल त्यात अवाक्षर नाही. एलईडी बल्ब आणि कर्णकर्कश हॉर्न लावून फिरणारे आधी पकडा म्हणावं. माझा कनेक्टर पाच मिनिटांत निघतो, मागे खूणसुद्धा राहत नाही.

फिटर_भुसावळ
खूण राहते कधी कधी. मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली होती गॅरेजला, इंजिनाचा दिवा पेटलेला, आणि गाडी पंधराशे आरपीएमच्या पुढे जायला तयार नाही. स्कॅनर लावला, कोड पी २१३८. म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ईसीयूला पेडलवर भरवसा राहिला नाही की तो गाडी लंगडी करतो, जेमतेम घरी पोचण्यापुरती. मालकाने पेडलचा नवीन सेट मागवायची तयारी केली होती. मी गुडघ्यावर बसून खाली टॉर्च मारला तर पेडलच्या वर डबा लोंबतोय. टायरॅप सुटलेला. चिखलाच्या चपला खाली झटकून झटकून कनेक्टरच्या तोंडात माती गेलेली, पिनांवर हिरवा गंज. डबा काढला, मूळ कनेक्टर स्वच्छ करून जोडला, कोड उडवला, गाडी नीट. मालकाने डबा खिशात घातला आणि म्हणाला, बायकोला सांगू नका.

धुळेकर_डिझेल
स्वस्तातला असेल आणि अडाण्याने बसवला असेल. नीट टायरॅप मारला, कनेक्टर वरच्या बाजूला बांधला तर काही होत नाही. माझ्या डब्याने दोन पावसाळे काढलेत.

आणि एक सांगतो, तुम्ही सगळे ताकद-ताकद करताय. मी ताकदीसाठी घेतलाच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. धुळे-नाशिक करताना मऊ पेडल दाबून धरला की पोटरी भरून येते. आता पाय कमी दाबावा लागतो. ही गोष्ट तुमच्या स्कॅनरवर दिसणार नाही.

फिटर_भुसावळ
हे मात्र पटलं. हे आधी सांगायचंस ना भल्या माणसा. अशा माणसाला मी स्वतः बसवून देईन.

पण गिरणाकाठच्याचे पाय शाबूत आहेत. त्याने आधी हे करावं: सातशे-आठशेचं ओबीडी डोंगल मिळतं, गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये घालायचं, मोबाइलला जोड. इंजिन बंद, चावी ऑन. ॲपमध्ये एक्सलेटर पेडल पोझिशन लाव. पाय न लावता किती आणि पूर्ण दाबून किती, ते इथे लिही. शून्य ते शंभर दिसणार नाही, घाबरू नकोस. बऱ्याच गाड्यांत पंधराच्या आसपास सुरू होऊन ऐंशीच्या आसपास संपतं. आणि एअर फिल्टर उघडून बघ. आपल्याकडे एप्रिल-मेची धूळ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. फिल्टर बुजला, टर्बोचा पाइप कुठे चिरला, की हीच तक्रार येते आणि लोक पेडलला दोष देतात.

धुळेकर_डिझेल
आणि खरंच डब्याचा फरक मोजायचा तर मोजून टाक. माझ्याकडे ये, माझा डबा तुझ्या कनेक्टरला बसला तर दोन दिवस वापर. मला काही लपवायचं नाही. मी स्वतः बायपासवर पहाटे मोजलंय: ताशी ४० ते ८० किलोमीटर, पाय पूर्ण खाली, डबा बंद आणि डबा स्पोर्टवर. मोबाइलच्या घड्याळात दोन्ही वेळा सारखेच सेकंद आले. तेव्हा फिटर भाऊ जे म्हणतो ते खोटं नाही. पण अर्ध्या पेडलला फरक स्पष्ट होता, आणि मी अर्ध्या पेडलला जगतो.

गिरणाकाठचा
मंडळी, डोंगल आणलं. जरा लाज वाटतेय, पण लिहितो.

चावी ऑन, पाय न लावता १५. पूर्ण दाबला: ६१. परत दाबला: ६१. जोर लावून ६२. म्हटलं सेन्सर गेला. मग वाकून बघितलं. गेल्या दिवाळीत ते जाड मॅट टाकले होते, सातपदरी, कडा वर आलेले, चामड्यासारखे, पाच हजारांचे. पेडल खाली येतो तो त्या मॅटच्या फुगवट्यावर टेकतो. जमिनीपर्यंत पोचतच नाही! मॅट ओढून बाजूला काढला आणि दाबला: ८१.

म्हणजे दिवाळीपासून मी घाटात पाव पेडल घरी ठेवून चालवत होतो.

फिल्टरही काढला. झटकला तर अंगणात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं झालं. नवीन टाकला, साडेपाचशे.

साक्रीवाला
पाच हजारना मॅट टाकीसन बारा हजारना डबा लेत व्हता भाऊ. 🙏

तापीची_लेक
हे मॅट ब्रेकच्या खाली सरकले तर काय होईल याचा विचार करा. आमच्याकडचे आजच काढते.

धुळेकर_डिझेल
बरं झालं सापडलं. पण एक विचारतो, मॅट काढून घाटात गेलास का? दुसऱ्या गिअरची दीड सेकंदाची झोप गेली का पूर्ण? घाटातल्या वळणावर तू पेडल पूर्ण दाबत नव्हतासच, बायको शेजारी बसलेली असताना कोण दाबतं. मॅट फक्त शेवटचा पाव अडवत होता.

गिरणाकाठचा
काल जाऊन आलो. एस.टी. मागे टाकताना फरक जाणवला, पूर्ण दाबल्यावर गाडी आता जाते. पण वळणावर दुसऱ्यात अजून विचार करतेच, एक सेकंद म्हणा. पहिला टाकला की करत नाही, पण पहिल्यात टाकताना गाडी जरा झटका देते आणि सासूबाई मागच्या सीटवर "अरे देवा" म्हणतात. डब्याचं अजून पक्कं नाही. धुळेकर दादा, तुमचा डबा दोन दिवस बघायला आवडेल, शनिवारी येऊ का?

मॅट डिकीत टाकलाय. सध्या खाली पेपर अंथरलाय.

फिटर_भुसावळ
पेपर काढ आधी. तोही सरकतो पेडलखाली.