बोटॉक्सनंतर आईचा आवाजच गेलाय, हे नॉर्मल आहे का?

हर्णैची पोर:
नमस्कार, माझी आई हर्णै बंदरावर मासे घेते-विकते, संध्याकाळच्या लिलावात बोली लावते. बरेच दिवस बोलताना कुणी गळा आवळल्यासारखा आवाज घोटून यायचा, शब्द मध्येच तुटायचा, फोनवर तर फारच, पण हसताना नि गुणगुणताना एकदम मोकळा. ज्येष्ठमध झालं, देवाला गाऱ्हाणं घालून झालं, शेजारच्या म्हणे टेन्शन घेते म्हणून होतंय. शेवटी मुंबईला कानानाकाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, स्पास्मोडिक डिस्फोनिया निघाला, आणि गेल्या आठवड्यात स्वरयंत्रात बोटॉक्स दिलं. आता नुसती हवा येतेय, पाणी पिताना ठसका लागतो, लिलावात बोटांनी भाव दाखवते बिचारी. काही बिघडलं असेल का?

गुहागरचा दादा:
ताई, घाबरू नका, बहुतेकांचं असंच होतं. मी पण तेच इंजेक्शन घेतो, आमचं होमस्टे आहे, सगळं बुकिंग फोनवर, म्हणून आईंचं दुखणं अगदी कळतं. या आजारात मेंदूकडून चुकीचा सिग्नल येतो नि स्वरतंतू एकमेकांवर घट्ट आवळतात. बोटॉक्स त्या स्नायूला ढिला करतं, सुरुवातीला जरा जास्तच ढिला होतो म्हणून हवा निसटते. एक-दोन आठवड्यांत आवाज भरायला लागतो, मग साधारण तीन-चार महिने बरे जातात, नंतर परत घ्यावं लागतं. कायमचा इलाज नाही हे खरं, पण मला तरी हे घेतल्याशिवाय धंदा करता आला नसता. आणि टेन्शनने वाढतं, टेन्शनमुळे होत नाही, हे शेजारणींना जरूर सांगा.
पाणी छोट्या घोटांनी, हनुवटी छातीकडे वाकवून प्यायला सांगा, पातळ चहापेक्षा दाट पेज बरी जाते. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा घासच उतरेना तर मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटल.

मालवणची ताई:
दादांशी सहमत. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा असंच झालं तेव्हा डॉक्टरांनी पुढच्या वेळी डोस कमी केला, मग हवेचे दिवस कमी झाले. म्हणून रोज मोबाईलवर आईंची दोन वाक्यं रेकॉर्ड करा, तारखेसकट, डॉक्टरांना डोस ठरवायला उपयोग होतो. सुई घशाला पुढून जाते, सुईला जोडलेलं स्नायूची हालचाल टिपणारं मशीन खरखरतं नि आपल्याला 'ईऽऽ' म्हणायला लावतात, मिनिटांचं काम आहे, पुढच्या वेळी आई आधीएवढ्या घाबरणार नाहीत.
अजून एक, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ना, त्या वेळचं इंजेक्शन जुलैच्या मध्याला बसतंय का डॉक्टरांना विचारा, म्हणजे हवेचे दिवस बंदीतच जातील नि सीझन सुरू होताना आवाज हाताशी असेल. आधीच्या इंजेक्शनपासून अंतर पुरेसं हवं मात्र, घाईने लवकर घेऊ नका, त्याने औषध लागू पडेनासं होऊ शकतं.

हर्णैची पोर:
दोघांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं, जुलैचं ऐकून लगेच मान डोलावली. रेकॉर्डिंग आजपासूनच चालू करते.