नक्षीच्या कागदाची पाकिटे आडव्या घडीवरच का चिरतात?

प्रश्न (पंचवटी)
नमस्कार. मार्गशीर्षात पुतणीचे लग्न असल्यामुळे आहेराची पाकिटे यंदा घरीच करावीत, म्हणून मेन रोडवरून सोनेरी छपाईचा कागद आणला. पाकिटाच्या उभ्या घड्या नीट बसतात. आडव्या घडीवर मात्र सोनेरी थर फुटून आतला पांढरा कागद दिसतो. शिवाय फेव्हिकॉल लावलेली बाजू वाळल्यावर सुरकुतते. कागदच वाईट निघाला का?

उत्तर (छपाई व्यवसाय, नाशिक रोड)
ताई, कागदात खोट नाही. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडतात आणि त्यालाच आम्ही ग्रेन म्हणतो. ग्रेनला समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी घडी मात्र तंतू मोडत जाते आणि त्यांच्यासोबत वरचा थरही फुटतो. ताव दोन्ही बाजूंनी न मोडता हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या घडीला ग्रेन समांतर असतो. सुरकुत्यांचे कारणही तिथेच आहे, कारण ओला तंतू लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतो आणि कागद ग्रेनला आडवा पसरतो.

उत्तर (गंगापूर रोड)
पाकिटाला दोन्ही दिशांच्या घड्या लागतातच, म्हणून मी चौरस कागद तिरका ठेवून चारही कोपरे मध्याकडे दुमडते. त्यामुळे प्रत्येक घडी ग्रेनशी 45 अंशांचा कोन करते आणि चारही घड्या सारख्याच पडतात. पाचशेची नोट 150 मिमी लांब असते. ती न दुमडता ठेवायची असेल तर 24 सेंमीचा चौरस कापून मध्यभागी 16 सेंमीचे पाकीट आखावे. चौरसाच्या चारही कडांच्या मध्याशी सुमारे 7 मिमी खोल त्रिकोणी खाच कापायला विसरू नये, नाहीतर तिथे कागद गोळा होतो. घडी घालण्याआधी पोलादी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी.

उत्तर (पुस्तकबांधणी)
फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून तो पातळ करू नका; जेवढे पाणी जास्त, तेवढी सुरकुती जास्त. कडेला अर्धा सेंमी रुंद, अगदी पातळ थर लावावा आणि टिपकागदात ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबावे. मैद्याची खळ मला अधिक आवडते, कारण ती सावकाश वाळते आणि चुकलेली कड सरकवता येते. बांधणीच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असल्यामुळे लोकांच्या हाती जाणाऱ्या पाकिटांना ती खळ कधीही वापरू नये.

पुन्हा पंचवटीहून
मनापासून आभार. चौरस तिरका ठेवून दुमडून पाहिला; चारही घड्यांवर सोनेरी थर शाबूत राहिला. पहिल्या पाकिटात खाच उथळ पडल्याने कोपरा फुगला होता, दुसऱ्यात तो बरोबर बसला. उरलेल्या तावांतून अजून 40 पाकिटे सहज निघतील.