सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर चपटे झाले आहेत, काय करावे?

गावभागकर, सांगली

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे पती-पत्नी सांगलीच्या गावभागात राहतो. नातवंडे लहान असल्यामुळे गेल्या मे महिन्याच्या मध्यावर आम्ही रेल्वेने बंगळुरूला मुलाकडे गेलो आणि दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतलो. या काळात आमची लहान हॅचबॅक गाडी (टायर १६५/८० आर १४) इमारतीच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये एकाच जागी उभी होती. जाताना चारही चाकांत ३२ हवा भरली होती. परतल्यावर पंक्चरच्या दुकानातील मुलाला घरी बोलावून मोजली, तेव्हा तीन चाकांत २२-२३ आणि मागच्या डाव्या चाकात १६ भरली. त्या चाकाच्या रिमपासून फरशीपर्यंत कोळ्याने जाळे विणले होते आणि गाडी पुढे ढकलल्यावर टायरच्या नक्षीत फरशीच्या सांध्याची रेघ उमटलेली स्पष्ट दिसत होती.

हवा पुन्हा ३२ केली, तरीही ताशी ३०-४० च्या वेगाला गाडी ठराविक तालात धप्-धप् करते. वेग वाढवला की ठोके जवळजवळ येतात. आठ दिवस गाडी रोज विश्रामबागपर्यंत नेऊन आणली, पण फरक पडलेला नाही. एका गॅरेजमध्ये चारही टायर बदलण्याचा सल्ला मिळाला. शेजारचे एक गृहस्थ म्हणतात की पुढच्या वेळी जाताना हवा काढून ठेवा, आणि दुसरे म्हणतात की गाडी जॅकवर चढवून ठेवा. येत्या मे महिन्यात आम्हाला पुन्हा जायचे आहे. हा चपटेपणा कायमचा आहे का, आणि पुढच्या वेळी नेमके काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टायरवाला, मिरज

काका, नमस्कार. टायरच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिली विनंती अशी की चारही टायर बदलण्याची घाई करू नका.

गाडी उभी असताना तिचे सगळे वजन चार तळहातांएवढ्या जागेवर पेललेले असते. तेवढ्या भागात टायरची गोलाई दबून सपाट होते आणि आतले धागेही त्याच आकारात वाकलेले राहतात. आजच्या रेडियल टायरमध्ये स्टीलच्या पट्ट्यांवर बहुधा नायलॉनच्या धाग्यांचा एक थर असतो. नायलॉनचा स्वभाव असा, की साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे ते सैल पडते आणि ज्या आकारात थंड होते तो आकार धरून ठेवते. त्यामुळे लांबच्या प्रवासाहून आलेली, टायर तापलेली गाडी तशीच उभी करून निघून जाणे सर्वांत वाईट. इस्त्री केलेली घडी जशी मोडत नाही, तसा तो चपटेपणा बसतो.

तुमचे ठोके न जाण्याचे कारणही यातच आहे. ज्या उष्णतेने घडी बसते, त्याच उष्णतेने ती मोडते. गावभाग ते विश्रामबाग हे चार-पाच किलोमीटरचे अंतर, तेही सिग्नल आणि गर्दीतून, टायर गरम व्हायला अजिबात पुरत नाही. एखाद्या रविवारी सकाळी हवा बरोबर भरून गाडी तासगावपर्यंत नेऊन आणा आणि रस्ता मोकळा असेल तेथे ७० च्या आसपास वेग ठेवा. तात्पुरता चपटेपणा असेल, तर पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये ठोके मंदावतात आणि पुढे नाहीसे होतात. निघण्यापूर्वी मात्र मागच्या डाव्या टायरची बाजूची भिंत हात फिरवून तपासा. तेथे फुगवटा, चीर किंवा सुरकुत्यांचा पट्टा आढळला, तर त्या टायरवर वेगाने गाडी चालवू नका. स्टेपनी लावून मगच निघा.

तुमच्या हवेचा हिशेबही लावून पाहिला. चांगल्या टायरमधूनसुद्धा महिन्याला साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप, तुमचे ३२ हेही त्यातलेच) हवा झिरपते, म्हणजे सहा महिन्यांत सहा गेली. शिवाय तापमान १० अंशांनी उतरले की दीड ते दोन पीएसआय कमी होते. मे महिन्यातील दुपार आणि नोव्हेंबरमधील सकाळ यांत आपल्याकडे वीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे आणखी तीन. ३२ मधून नऊ वजा केले की २३ उरतात, आणि तुमच्या तीन चाकांत तेवढीच हवा होती. त्या तीन टायरचा काहीही दोष नाही. चौथ्याचा व्हॉल्व्ह गळत असणार. साबणाचे पाणी किंवा नुसती थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहा.

पुढच्या वेळी हवा काढून ठेवण्याचा सल्ला कृपया मानू नका, तो अगदी उलटा आहे. हवा जितकी कमी, तितका टायर जास्त दबतो. जाताना कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा पाच ते आठ पीएसआय जास्त भरा. मात्र टायरच्या भिंतीवर कमाल दाबाचा जो आकडा छापलेला असतो, तो ओलांडू नका. परतल्यावर गाडी चालवण्याआधी हवा नेहमीच्या आकड्यावर आणायला विसरू नये, म्हणून स्टीअरिंगवर एक चिठ्ठी चिकटवून ठेवा. नायट्रोजनबद्दल कोणी सुचवण्याआधीच सांगतो : त्याने गळती थोडी मंदावते, चपटेपणा थांबत नाही.

वखारभाग

मी स्वतः माझी जुनी गाडी दोन वर्षे चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवली होती आणि टायर अगदी जसेच्या तसे राहिले. टायरवर वजनच नसेल, तर चपटेपणा येणार कोठून? चांगले घोडे एकदा घेतले की आयुष्यभर पुरतात. प्रश्नकर्त्यांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा असे मला वाटते.

कृष्णाकाठ

वखारभाग यांचे म्हणणे तत्त्वतः योग्य आहे, परंतु प्रश्नकर्ते गावभागात राहतात आणि मे ते नोव्हेंबर बाहेर असतात, याकडे त्यांचे दुर्लक्ष झालेले दिसते. कृष्णेच्या पुराची आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. त्या वेळी आमच्या गल्लीतील ज्या गाड्यांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे होत्या, त्या रातोरात उंचावरील भागात हलवता आल्या. ज्यांच्या किल्ल्या मालकाबरोबर परगावी होत्या, त्या तेथेच बुडाल्या. घोड्यांवर चढवलेली गाडी ऐन पावसात, वीज गेलेली असताना, कोण आणि कशी उतरवणार? टायर वाचवण्याच्या नादात गाडी गमावण्याची वेळ येऊ नये.

याशिवाय, साधे घोडे बॉडीखाली लावले तर सस्पेन्शन सहा महिने पूर्ण ताणून लोंबत राहते आणि त्याच्या सांध्यांतील रबरी बुशांवर पीळ बसतो. ते टाळण्यासाठी आधार चाकाजवळ, सस्पेन्शनच्या खालच्या भागाला द्यावा लागतो आणि तो कोठे द्यायचा हे माहीत असलेला माणूसच हवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लहान मुले खेळतात, हेही लक्षात घ्यावे.

माझ्या मते किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे देऊन, दर पंधरा दिवसांनी गाडी जागच्या जागी सरकवायला सांगणे हाच गावभागासाठी योग्य उपाय आहे.

गोडोलीकर, सातारा

कृष्णाकाठ यांच्याशी मी सहमत आहे. फक्त किती सरकवायची, यात लोकांचा गोंधळ होतो, म्हणून लिहितो. प्रश्नकर्त्यांच्या मापाच्या टायरचा घेर साधारण १९५ सेंटीमीटर येतो. जमिनीला टेकलेला भाग वीतभरापेक्षा जास्त लांब नसतो. त्यामुळे चाक पाव फेरा फिरवायला गाडी अर्धा मीटर पुढे घेतली, तरी पुरते. मी टायरच्या भिंतीवर खडूने १ ते ४ असे आकडे चार दिशांना लिहून ठेवतो आणि जो आकडा खाली असेल, तो तारखेसह भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपायला शेजारच्या मुलाला सांगतो. पार्किंगमध्ये पुढे-मागे एवढी जागा नसेल, तर एकदा पुढे आणि एकदा मागे असे दोनच आकडे आलटूनपालटून वापरले तरी चालते. केवळ इंजिन सुरू करून दहा मिनिटे ठेवल्याने टायरला काडीचाही उपयोग होत नाही, हे शेजाऱ्यांना आवर्जून सांगावे लागते. आमच्याकडे एकदा वर्षभर तेवढेच चालले होते!

दुसरी गोष्ट हँडब्रेकची. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. मग शेजाऱ्याने कितीही जोर लावला तरी गाडी हलत नाही, आणि मागचे टायर त्याच जागी दबत राहतात. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. आमच्या गोडोलीसारख्या उतारावर हे पुरेसे नाही. तेथे गाडी आधी सपाट जागी नेणेच बरे.

गावभागकर, सांगली

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल आभारी आहे. टायरवाला यांच्या सांगण्याप्रमाणे काल सकाळी साडेसहाला निघून तासगावला जाऊन आलो. निघण्यापूर्वी चारही टायर तपासले, चिरा कोठेही नव्हत्या. सुरुवातीला स्टीअरिंगही थरथरत होते. वाटेत केव्हा तरी ते शांत झाले, इतक्या हळूहळू की पत्नीने विचारल्यावर माझ्या लक्षात आले. परतीच्या वाटेवर फक्त आसनाखालून, मागच्या बाजूने, एक मंद ठोका येत राहिला. आज सकाळी मागच्या डाव्या चाकाच्या जागी स्टेपनी लावून पाहिली, तर तोही गेला. साबणाच्या पाण्याने व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडेही दिसले. त्या टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे १४१७ असे आहेत. याचा अर्थ काय होतो?

टायरवाला, मिरज

काका, १४१७ म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यात, एप्रिलच्या सुरुवातीस तयार झालेला टायर. इतक्या जुन्या रबरात लवचीकपणा फारसा उरलेला नसतो आणि सहा महिने अर्ध्या हवेवर दबल्यावर तो पूर्ववत होण्याची आशा मी धरणार नाही. तो एक टायर बदलावा, व्हॉल्व्ह नवा घ्यावा. पण बाकीचे तीनही आकडे आधी वाचा. तेही त्याच वर्षाचे असतील, तर ते आज ठोके देत नसले तरी वयाने बदलण्याजोगेच आहेत. तसे असल्यास आता दोन घेऊन एकाच ॲक्सलवर लावा आणि उरलेले दोन पुढच्या वेळी बंगळुरूहून परतल्यावर बदला. नवे टायर बसवून लगेच सहा महिने उभे करण्यात अर्थ नाही.

गावभागकर, सांगली

आताच खाली जाऊन टॉर्चच्या उजेडात वाचले. पुढचे दोन्ही ३१२१ आहेत, मागचा उजवा १४१७. तेव्हा मागचे दोन नवे घेतो. मे महिन्यात हवा ३८ करून, खडूचे आकडे घालून किल्ली समोरच्या ब्लॉकमधील वहिनींकडे देणार आहे. त्यांचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा होईल आणि त्याने गाडी ढकलण्याचे काम आनंदाने मान्य केले आहे. जून-जुलैमध्ये आयर्विनची पातळी वाढू लागली, तर त्याच किल्लीने वहिनींचे यजमान गाडी विश्रामबागला माझ्या भावाच्या दारात नेऊन लावतील, असेही ठरले आहे.