स्पर्धेत वरचढ काय ठरते: उपजत गुण की मेहनत?

मूळ लेखन (लातूर):
वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की ‘पोरगं मुळातच हुशार होतं’ हे वाक्य आमच्याकडे हमखास ऐकू येते आणि त्या पोराने दोन वर्षे उपसलेले कष्ट त्याखाली झाकले जातात. ज्याला लातूर पॅटर्न म्हणतात त्यात चमत्कार काही नाही. धडा संपला की चाचणी, चाचणी झाली की चुकलेल्या प्रश्नांची छाननी आणि तोच धडा पुन्हा. 180 प्रश्नांच्या या परीक्षेत चुकलेल्या उत्तरामागे एक गुण कापला जातो, त्यामुळे कोणता प्रश्न सोडून द्यायचा हेदेखील सरावानेच कळते. माझे मत म्हणून मेहनतीच्या बाजूने आहे.

प्रतिसाद 1 (आष्टी, जि. बीड):
सर, हे पटत नाही. आमच्या तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्पर्धात्मक धावण्याकडे तिथेच वळला. उशिरा सुरुवात करूनही त्याने 2024 साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत 8 मिनिटे 9.91 सेकंदांत पूर्ण केली. इथल्या रस्त्यांवर भरतीसाठी पहाटे धावणारी पोरे घाम गाळण्यात तसूभरही कमी पडत नाहीत, तरी तिथवर एकच जण पोहोचला.

प्रतिसाद 2 (नांदेड):
स्पर्धा कोणती, हे आपण दोघांनीही पाहिले नाही. पोलीस भरतीत मुलांनी 1600 मीटर अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांत कापले की 20 पैकी 20 गुण मिळतात. साबळे धावला तरी त्याला एकविसावा गुण मिळणार नाही. अशा ठिकाणी नेमाने केलेली तयारी पुरते. याउलट 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदाने हुकले. त्या पातळीवर मेहनत सगळेच करतात, तेव्हा उपजत गुणांना मोल येते.

प्रतिसाद 3 (परभणी):
मी शिकवते, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. 2014 साली मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ओसवाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरची अनेक संशोधने एकत्र तपासली होती. कामगिरीतील फरकापैकी हेतुपूर्वक केलेल्या सरावाचा वाटा त्यांना खेळांत 18 टक्के आणि शिक्षणात जेमतेम 4 टक्के आढळला. नीटसाठी 2024 साली 24 लाखांवर नोंदणी झाली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. तिसऱ्यांदा बसलेल्या मुलाला ‘तुझी मेहनतच कमी पडली’ असे सांगणे हा अन्याय आहे, आणि तो आपण रोज करतो.

मूळ लेखक:
ताई, त्या मुलाविषयी आपण लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. मात्र उरलेले 96 टक्के उपजत गुणांचे, असा अर्थ त्यातून निघत नाही. शिक्षक, घरची स्थिती, अभ्यासाला मिळणारी सलगता हे सारे त्यात येते. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी मुलगी गुढीपाडव्याच्या आसपास गावी परतते, तोवर वर्गात अर्धा अभ्यासक्रम पुढे सरकलेला असतो. तिच्यात गुण किती आणि तिची मेहनत किती, हे कोणत्या परीक्षेने मोजायचे?