"पानावर पांढरं आलंय, काय मारू?" दरवर्षी तोच प्रश्न, दरवर्षी नव्यानं उत्तर द्यायचं का?

प्रश्न – सोनी, ता. मिरज
मंडळी, द्राक्षाच्या फळछाटण्या झाल्या की आपल्या ग्रुपवर ठरलेला फोटो येतो. एक पान, त्यावर पांढरा डाग, खाली एक ओळ : "काय मारू?" जाणती माणसं आता उत्तरच देईनाशी झालीत, नाहीतर "जुनं बघा" म्हणून मोकळी होतात. माझ्या मते एक पक्कं उत्तर लिहून सगळ्यात वर डकवून ठेवावं. आप्पा, तुम्ही मात्र अजून एकेकाला सविस्तर लिहिता. तुमचं काय म्हणणं?

पलूस
डकवाच. भुरी रोगाला हे औषध, डाऊनी रोगाला ते, असा तक्ता करू. आप्पांचा वेळ वाचेल, त्यांनी नवीन काही लिहावं.

आप्पा, तासगाव
तक्ता जरूर करा, मीही हातभार लावतो. पण तक्ता वाचायला आधी रोगाचं नाव कळावं लागतं, आणि विचारणाऱ्याचं घोडं तिथंच अडलेलं असतं.

"पांढरं आलंय" हा एक प्रश्न नव्हेच. वरून पिवळसर तेलकट डाग आणि त्याच जागी पानाच्या खाली पांढरी लव, ती डाऊनी. राखेसारखी भुकटी, बोटानं पुसली जाते, ती भुरी. डाऊनीला पान ओलं लागतं. पाऊस, दव तिला मानवतं. भुरीला ओल्या पानाची गरज नाही, ढगाळ दमट हवा आणि दाट कॅनॉपी, म्हणजे पानाफुटींची दाटी, तिला पुरते. गंधक भुरीवर चालतं, डाऊनीवर त्याचा उपयोग नाही. भुरीवरसुद्धा कडक उन्हात मारलं तर पानं करपतात. आता फोटोत पानाची एकच बाजू दिसत असेल तर एका ओळीत काय सांगणार?

म्हणून मी उत्तराआधी विचारतो. छाटणी कधीची? पान उलटं करून दाखवा. पाऊस झाला का, दव पडतंय का? माल युरोपला जायचा, इथल्या बाजारात, की बेदाणा करायचा? शेवटची फवारणी कशाची? यातल्या एकेका उत्तरानं सल्ला फिरतो. फुलोऱ्यात डाऊनी घडावर गेली तर घडच जातो, तिथं उद्यावर ढकलता येत नाही. तेच डाग काढणीच्या तोंडावर जुन्या पानांवर दिसले, तर काढणीला किती दिवस उरलेत ते मोजूनच औषध ठरवावं लागतं.

शिवाय जुनं उत्तर शिळं होतं. 2010 साली सीसीसीच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली. त्याआधी वेलीची वाढ रोखायला सीसीसी सर्रास वापरलं जायचं, आणि तो सल्ला कुठंतरी लिहिलेला अजून सापडतो. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची मंजुरी युरोपनं 2020 मध्ये पुढं चालू ठेवली नाही. निर्यात करणाऱ्याला दहा वर्षांपूर्वीचं उत्तर दाखवलं तर आपणच त्याला खड्ड्यात घालू. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीच्या औषधांची यादी असते, काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही त्यात असतं. डकवायचं तर चालू हंगामाची यादी डकवा, वर तारीख घाला आणि हंगाम संपला की ती काढून टाका.

राहिलं "जुनं बघा". याचा मला मनापासून राग येतो. पहिल्यांदा बाग धरलेला पोरगा विचारतोय आणि आपण गप्प बसलो, तर तो सरळ दुकानात जातो आणि हातात मिळेल ते घेऊन येतो. एकच आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं, औषध सारखं मारलं की बुरशी त्याला सरावते. ती काही त्याच्या बांधावर थांबत नाही, तुमच्या-माझ्या बागेत येते. त्याला उत्तर देणं हे माझ्याच बागेचं काम आहे असं मी धरतो.

मणेराजुरी
आप्पा, विचारणाऱ्यांतली एक मी. सासरे थकले, औंदा बाग मी बघते. "जुनं बघा" म्हटल्यावर सगळं बघितलं. एकात गंधक मारा, दुसऱ्यात गंधकाचा उपयोग नाही. दोन्ही जाणत्यांनीच लिहिलेलं, पण माझ्या बागेचं कोणतं ते कळेना. आता तुमचं वाचून पान उलटलं. वर पिवळे डाग, खाली कापसासारखं पांढरं. छाटणी दसऱ्याची, घड फुलोऱ्यात, परवा पाऊस झाला. माल इथंच द्यायचा. दोन्ही बाजूंचे फोटो टाकलेत.

आप्पा, तासगाव
ताई, ही डाऊनी. गंधक ठेवून द्या. डागाची पानं आजच तोडा आणि बागेबाहेर नेऊन जाळा. दाटीच्या फुटी काढा, घडाला हवा लागू दे. फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचला पाहिजे, गडी फवारत असेल तर उभं राहून करून घ्या. औषध यादीत डाऊनीपुढं असेल तेच, आणि आधी मारलेल्या औषधाच्या गटातलं नको. मागच्या फवारणीच्या डब्याचा फोटो टाका, बघून लगेच नाव सांगतो, आज संध्याकाळ चुकवू नका.

सोनीकर, ताईंचे हे दोन्ही फोटो तक्त्यात घ्या, वरची बाजू आणि खालची बाजू शेजारी शेजारी. भुरीचे मी माझ्याकडचे पाठवतो.