जनुक 'नियंत्रण' की 'नियमन'? आणि 'संपादन' म्हणजे नक्की काय?

विचारणा:
सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या नव्या उपचाराविषयी गडचिरोलीतल्या वाचकांसाठी लेख लिहिते आहे. 'जीन रेग्युलेशन'ला बहुतेक ठिकाणी 'जनुक नियंत्रण' दिसतं आणि 'जीन एडिटिंग'ला 'जनुक संपादन'. मसुदा वाचून आईने विचारलं, "संपादन म्हणजे धरणासाठी जमिनी घेतात तशी जनुकं घेणार का?" तिचा प्रश्न रास्त वाटला. भूसंपादन, ज्ञानसंपादन, यश संपादन करणं, सगळीकडे मिळवणंच आहे. काटछाट-दुरुस्तीचा अर्थ फक्त छापखान्याच्या आसपास सापडतो. काय लिहावं?

पहिलं उत्तर:
ताई, 'नियंत्रण' सोडा, 'नियमन' घ्या. पूरनियंत्रण, गर्दीनियंत्रण यांत आवर घालणं आहे. जनुकाच्या बाबतीत प्रश्न तीन असतात: कधी, कोणत्या पेशीत आणि किती. त्वचेच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच, पण कोणती जनुकं चालू आहेत ते वेगळं. आमच्या धुळ्याकडे पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटकरी असतो. आज पाणी कोणाच्या शेताला, किती वेळ, हे तो बघतो. अडवतोही आणि सोडतोही. त्याच्या कामाला नियंत्रण म्हणणं अपुरं आहे.

तुमच्याच विषयात हे लख्ख दिसतं. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेतं. सिकलसेलचा दोष या प्रौढ प्रकारात आहे. गर्भातला प्रकार बंद ठेवण्यात मोठा हात आहे बीसीएल११ए या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचा. मग हे जनुकच मोडावं? तसं करता येत नाही, कारण इतर पेशींना ते लागतं. बोस्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्या जनुकाच्या आतच डीएनएचा एक पट्टा दाखवला. जनुकाची नक्कल जिथून सुरू होते तिथून तो डीएनएची सुमारे ५८ हजार अक्षरं दूर आहे, आणि लाल रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत जनुकाला जोर देतो. २०१५ मध्ये क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या कात्रीने, तो पट्टा जागोजागी कापून पाहिला, तेव्हा कळीची जागा मोजक्या अक्षरांची निघाली. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला कॅसजेव्ही हा उपचार तिथेच काप देतो. काप पेशी स्वतः सांधते, सांधताना काही अक्षरं गळतात किंवा वाढतात आणि पट्टा निकामी होतो. मग त्या पेशींत बीसीएल११एचा जोर ओसरतो आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. इथे 'संपादन' लिहिण्यापेक्षा 'नेमका काप' लिहा, आईंना लगेच कळेल.

दुसरं उत्तर:
वरच्या 'जोर देणाऱ्या पट्ट्या'ला, म्हणजे एन्हान्सरला, मी 'वर्धक' म्हणते. शक्तिवर्धक चूर्णाची आठवण येते हे खरं, पण 'प्रवर्धक' ध्वनियंत्रवाल्यांनी आधीच घेतला आहे.

'संपादन' आणखी एका ठिकाणी फसतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने ३० जनुकांच्या आसपासच्या वर्धक-जनुक अशा ३,५०० हून अधिक संभाव्य जोड्या तपासल्या. त्यांनी वापरलेल्या क्रिस्परची कात्री मुद्दाम बोथट केलेली होती. ती डीएनएवर जाऊन बसते आणि सोबत नेलेल्या प्रथिनाच्या जोरावर तो भाग गप्प करते. एक अक्षरही बदलत नाही! याला 'संपादन' कसं म्हणायचं? 'दाबून पाहणं' हे साधं मराठी पुरतं.

त्याच कामात त्यांनी संगणकाचं एक मॉडेल मांडलं. वर्धक किती सक्रिय आहे, गुणिले तो घड्या पडलेल्या डीएनएत जनुकाला किती वेळा भिडतो, भागिले त्या जनुकाच्या आजूबाजूच्या सगळ्या तुकड्यांचा तसाच गुणाकार काढून केलेली बेरीज. एवढ्या साध्या हिशेबाने कोणता वर्धक कोणत्या जनुकाचा हे बऱ्यापैकी ओळखता आलं. नुसत्या अंतरावरून जवळचं जनुक धरण्यापेक्षा हा अंदाज सरस ठरला. मला हे फार सुंदर वाटतं.

या मॉडेलला 'प्रारूप' म्हणू नका, प्रारूप मतदार यादीमुळे तो शब्द कच्च्या मसुद्याचा झाला आहे. 'प्रतिमान' चालेल. पण मॉडेल जे सांगतं त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: आडाखा. संगणक आडाखा बांधतो, क्रिस्पर तो पडताळतं, चुकला तर हिशेब सुधारतो.

पहिल्या उत्तरातून पुन्हा:
'आडाखा' पटला. फक्त जिथे आकड्यात शक्यता दिली आहे तिथे 'अंदाज' ठेवा, आडाख्याला अनुभवी शेतकऱ्याचा वास आहे.

विचारणा करणारी:
'सिकलसेल' तसाच ठेवते आहे, 'दात्रपेशी पांडुरोग' आमच्याकडे कोणी म्हणत नाही. मधलं वाक्य आता असं झालंय: "हा उपचार जनुक काढून घेत नाही. रक्त तयार करणाऱ्या पेशी शरीराबाहेर आणून त्यांत, जनुकाला जोर देणाऱ्या पट्ट्यावर, एक नेमका काप देतात, म्हणजे जन्मानंतर बंद झालेलं बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं." आईला वाचून दाखवलं. तिने 'पट्ट्यावर' हा शब्द एकदा परत विचारला, बाकी समजलं म्हणाली.